पणजीत राहायला, हिंडायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीत बदली होऊन आलेले, निवृत्तीनंतर ‘गोव्यात एखादं छोटं घर’ शोधणारे आणि मे महिन्यात आमच्याकडे उतरणारे नातेवाईक, यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले. उत्तरं सांतिनेजमध्ये राहणाऱ्या माणसाची आहेत, हॉटेलवाल्याची नाहीत. किनाऱ्यांची यादी हवी असेल तर ती दुसरीकडे भरपूर मिळेल.

पणजी नेमकी केवढी आहे?

लहान. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतली लोकसंख्या जेमतेम ४० हजार भरली होती, आणि ही राज्याची राजधानी. उत्तरेला मांडवी, मध्ये आल्तिनोची टेकडी, पूर्वेला औरेमची खाडी, पश्चिमेला मिरामार. कदंब बसस्थानकावरून नदीकाठाने मिरामारपर्यंत रमतगमत चालत गेलात तरी तासा-सव्वातासात पोचाल. दिवसा मात्र शहर फुगतं. म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को इथून माणसं कामाला येतात आणि दिवेलागणीला परततात. रविवारी दुपारी अठरा जून रस्त्यावर क्रिकेटचा डाव मांडला तरी कोणी हटकणार नाही.

जुनी राजधानी म्हणजे जुने गोवे ना? मग पणजीत जुनं काय?

जुने गोवे रोगराईने हळूहळू ओस पडलं. व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला, आदिलशहाच्या नदीकाठच्या जुन्या वाड्यात राहायला आले. रीतसर राजधानी व्हायला १८४३ साल उजाडलं. आधी इथे माड, दलदल आणि वाळूच्या टेकड्या होत्या. १८२७ ते १८३५ या काळात दों मान्युएल द पोर्तुगाल ए कास्त्रु या व्हाइसरॉयने दलदल बुजवून, वाळू सपाट करून सरळ रस्ते आखले. मधल्या बाजारपेठेतले रस्ते काटकोनात छेदतात ते त्यामुळे. मळा, फोंतेन्हास, पोर्तायश हे टेकडीच्या पायथ्याचे वाडे मात्र वाकड्या वाटांचे राहिले.

पायी फिरायचं तर कुठून सुरुवात करावी?

सकाळी सातच्या आत, शहराच्या मध्यावरच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पायऱ्यांपासून. इथे १५४१ मध्ये छोटं चॅपेल होतं, आजचं चर्च १६१९ चं. मनोऱ्यातली मोठी घंटा जुने गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली आहे. पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर उभं राहिलं की पालिकेची बाग, बाजाराकडे जाणारे रस्ते आणि मागे नदीची पट्टी दिसते.

तिथून नदीकडे उतरलात की आदिलशहाचा वाडा. पोर्तुगीज गेल्यावर सचिवालय आणि विधानसभा इथेच होती. २००० साली पर्वरीला नवं संकुल झालं आणि वाडा रिकामा झाला. शेजारी आबे फारीयांचा पुतळा. कोसळणाऱ्या बाईवर हात उगारलेला काळा माणूस पाहून लहान मुलं घाबरतात. त्यांना सांगा, हे कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेले पाद्री, यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. गोवेकर मुलांना शाळेत हे पाठ असतं, मुंबई-पुण्याच्या मोठ्यांनाही बऱ्याचदा नसतं.

आता दोन पर्याय. आझाद मैदानाच्या बाजूला मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. तिच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या फरशांवर वास्को द गामाच्या सफरीचं काव्य चितारलंय. फरशा १९३५ च्या, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या. तिकीट नाही, रखवालदाराला नमस्कार करा आणि आत जा. बहुतेक पर्यटक इमारतीला वळसा घालून पुढे जातात, हे मला कधी कळलेलं नाही.

दुसरी वाट उलट दिशेने, टपाल कचेरीवरून ३१ जानेवारी रस्त्याने फोंतेन्हासमध्ये शिरणारी. पणजीतल्या दोन रस्त्यांना तारखांची नावं आहेत आणि दोन्ही दोन वेगळ्या इतिहासांतून आलीत. ३१ जानेवारी ही पोर्तुगालमधल्या पोर्तु शहरातल्या १८९१ च्या प्रजासत्ताकवादी उठावाची. १८ जून ही १९४६ ची, डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात जाहीर सभा घेऊन पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीला आव्हान दिलं त्या दिवसाची. मुक्तीनंतर एक नाव बदललं नाही, एक नवं आलं.

फोंतेन्हासच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल आणि त्याच्या पुढे जुना झरा. तिथून मळ्यातल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढलात की आल्तिनो. वर आर्चबिशपांचा वाडा, सरकारी बंगले आणि जुने वृक्ष. उतरताना महालक्ष्मीच्या देवळाकडे या. पोर्तुगीज अमदानीत, एकोणिसाव्या शतकात, पणजीत हिंदूंना उघडपणे देऊळ मिळालं ते हे.

फोंतेन्हासमध्ये फोटो काढलेले चालतात का?

रस्ता सार्वजनिक आहे, घर नाही. पिवळ्या भिंतीसमोर लग्नाआधीचं शूटिंग, कोणाच्या तरी पायरीवर बसून कपडे बदलणं, ड्रोन, मोठ्याने गाणी, या सगळ्याला तिथली माणसं विटली आहेत. दारोदारी ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या उगाच लागलेल्या नाहीत. खिडकीत आजी बसलेली असेल तर आधी हात जोडा, मग विचारा. नाही म्हणाली तर पुढे चला. सकाळी आठच्या सुमारास पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो आणि वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली सुटते. ती घ्या बघून. कॅमेरा खिशात ठेवून.

राहायला कुठला भाग बरा?

कामावर आणि वयावर अवलंबून. मळा-फोंतेन्हासमधली जुनी घरं देखणी, पण गाडी लावायला जागा नाही आणि पावसात खालचा भाग तुंबतो. सांतिनेज गजबजलेलं, सगळं हाताशी. नाल्याजवळचं घर घेताना एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात वास घेऊन बघा. कांपाल हवेशीर आणि महाग. आल्तिनोवर शांतता आहे, दूध आणायलाही चढ-उतार आहे. गुडघे धड असतील तरच. मिरामार, करंझाळे, ताळगाव इकडे नवे फ्लॅट आहेत, कुटुंबवाले बहुधा तिकडेच जातात. ताळगावात अजून शेतं उरलीत आणि तिथली मोठी वांगी बाजारात नावाने विकली जातात. बजेट कमी असेल तर पूल ओलांडून पर्वरी किंवा बेती. फक्त सकाळच्या पुलावरच्या रांगेचा हिशेब धरा.

जुनं पोर्तुगीज घर विकत घ्यायचं मनात आहे. काय तपासावं?

मनात असू द्या, पण इसार देण्याआधी वकील गाठा, आणि तो गोव्यातलाच हवा. महाराष्ट्रात सातबारा बघायची सवय असते. इथे गावात एक-चौदाचा उतारा असतो आणि पणजी शहरात सिटी सर्वेचा फॉर्म ‘डी’. मालमत्तेची ओळख ‘चलता नंबर’ आणि ‘पी. टी. शीट’ने होते. दलालाला हे दोन आकडे विचारा. तो गडबडला तर चहा पिऊन निघा.

खरी गुंतागुंत वारसांची आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणून विक्रीला दोघांची सही लागते. मुलांना वारसातून सरसकट वगळताही येत नाही, निम्मा वाटा त्यांच्यासाठी राखीव असतो. आता पणजोबांच्या नावावरचं घर धरा. त्यांची मुलं, नातवंडं, त्यांचे नवरे-बायका, कोणी लिस्बनला, कोणी स्विंडनला, कोणी टोरांटोला. या सगळ्यांची नावं ‘इन्व्हेंटरी’च्या दाव्यात येऊन वाटण्या झाल्याशिवाय व्यवहार निर्धोक होत नाही. रस्त्यावरून मोडकळीला आलेली जी सुंदर घरं दिसतात, त्यातली बरीच मालकांच्या गरिबीने पडलेली नाहीत. मालक फार झाल्यामुळे पडलीत.

आवारात कोणी पिढ्यान्पिढ्या राहत असेल तर तो मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का, हेही बघा. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही. आणि फोंतेन्हास संवर्धन क्षेत्रात येतं, दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानगी लागते. मोठ्या काचा आणि काळं अ‍ॅल्युमिनियम डोक्यातून काढून टाका.

भाड्याने घेताना?

अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, पोलिस ठाण्यात भाडेकरूची नोंद. नोंदीचा कंटाळा करू नका, दंड घरमालकाला होतो आणि वाकडं तोंड तुम्हाला बघावं लागतं. करारात पाण्याचं बिल कोणाचं, हे लिहून घ्या.

पावसाळ्यात खरंच एवढा त्रास होतो?

जून ते सप्टेंबरमध्ये सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातून आलेल्यांना सांगायला नको. पुण्याहून आलेल्यांना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कळतं, जेव्हा कपाटातला चामडी पट्टा हिरवा होतो, मीठ बरणीत वितळतं आणि दाराची फळी फुगून चौकटीत अडकते. कापूर, कडुलिंबाचा पाला, कपाटात छोटा दिवा, जे जमेल ते करा. पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, दोन बोटं अंतर सोडा.

जुन्या घरात राहणार असाल तर मेमध्ये कौलं चाळून घ्या. कारागीर जूनमध्ये शोधायला निघालात तर तो तुम्हाला ऑगस्टमध्ये भेटेल. जुन्या भिंती चिऱ्याच्या. त्यावर चुन्याचा गिलावा असतो तोवर ओल आत येते तशी बाहेरही पडते. वरून सिमेंट आणि प्लास्टिकचा रंग चोपडला की ओल आत कोंडते आणि दोन पावसांत पापुद्रे सुटतात. शेजारच्या एका घराची पश्चिमेची भिंत अशीच गेली. खालच्या हातभर पट्ट्यात रंगाचे फुगे, फोडला की आतून ओलसर लाल भुगा. शेवटी सगळं खरवडून पुन्हा चुना लावला, तेव्हा भिंत वाळली.

आणखी एक गोष्ट पंचांगाबरोबर बघायची: भरतीची वेळ. मांडवी इथे समुद्राला मिळायच्या बेतात असते, भरतीला खारं पाणी आत चढतं. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की गटारांना वाट उरत नाही. मग अठरा जून रस्ता आणि मळा यांच्यावर घोटाभर, कधी गुडघाभर पाणी साचतं. ओहोटी लागली की ओसरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास गाडी उंचावर लावलेली बरी.

मराठी चालते का? कोंकणी शिकावी लागेल?

चालते, आणि चांगली चालते. देवळातल्या आरत्या मराठीत, भजनं मराठीत, सकाळचा पेपर बहुतेक हिंदू घरांत मराठी. ‘गोमन्तक’ १९६२ पासून आहे, ‘नवप्रभा’ १९७० पासून. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही सोय ठेवली. अर्ज मराठीत दिलात तर घेतला जातो.

पण बाजारात, फेरीत, शेजारी बोलणं कोंकणीतून चालतं. तुम्हाला समजायला महिनाभर पुरेल. बोलायला लाजू नका, मोडकी बोललात तरी लोक खूश होतात. मासळीवालीला ‘बाय’ म्हणा, वयस्क गृहस्थांच्या नावापुढे ‘बाब’ लावा, निघताना ‘देव बरें करूं’. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे आंटी, अंकल चालतं.

एक पथ्य पाळा. ‘कोंकणी ही मराठीचीच बोली ना?’ हा विषय चहाच्या टेबलावर काढू नका. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर इथे जनमत कौल झाला आणि लोकांनी विलीनीकरण नाकारलं. त्या काळात एकाच घरात दोन भाऊ दोन बाजूंना होते, आणि जखमा नातवंडांच्या पिढीत जाऊनही पुरत्या बुजलेल्या नाहीत.

मराठी पुस्तकं, नाटकं, शाळा?

पाटोवरचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये सुरू झालं. त्याला सोळाव्या शतकात मराठीत लिहिणाऱ्या केळशीच्या कृष्णदास शामांचं नाव आहे. मराठी विभाग भरलेला, वाचायला जागा प्रशस्त, वातानुकूलित; मे महिन्याच्या दुपारी तिथे जागा पकडायला लवकर जा. नाटकासाठी कांपालची कला अकादमी. इमारत चार्ल्स कोरियांची, आतलं मोठं नाट्यगृह मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं. मराठी नाट्यस्पर्धेला खेड्यापाड्यांतल्या मंडळी उतरतात आणि कामं पाहून मुंबईचे परीक्षक चकित होतात. जत्रेतल्या नाटकांवर वाढलेली माणसं आहेत ही. शाळांत प्राथमिक मराठी माध्यम उपलब्ध आहे, पुढे इंग्रजी. प्रवेशाची चौकशी आधीच्या वर्षीच करा.

फेरीबोट अजून चालते? पूल असताना तिची गरज काय?

चालते. आदिलशहाच्या वाड्यासमोरून बेतीला, आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. गरज काय, हे १९८६ साली जुलैत कळलं. ५ जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला आणि पुढची वर्षं अख्ख्या बारदेश तालुक्याची ये-जा फेरीवर आली. नवा पूल १९९२ चा. तिसरा, दोरखंडांनी तोललेला अटल सेतू, २०१९ चा. तरी बेतीची पोरं, मासळीवाल्या, सायकलवाले फेरीनेच येतात. संध्याकाळी पाचनंतर जा. मागे आग्वादची बाजू उजळलेली, समोर रेईश मागूशचा किल्ला, शेजारी कोणीतरी कोंबडीची पिशवी सांभाळत उभं. यासाठी क्रूझचे पैसे मोजायची गरज नाही.

रायबंदरहून चोडणला आणि जुने गोव्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेऱ्याही अशाच. चोडणला खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, वेळ भरती-ओहोटी विचारून ठरवा. रायबंदरला जाताना पाटोपासूनचा जो सरळ रस्ता पाण्यातून जातो, तो १६३३-३४ मध्ये बांधलेला बांध आहे, तीन किलोमीटरहून लांब. रोजच्या बसगाड्या आजही त्यावरून धावतात.

गाडी नसेल तर हिंडता येईल?

शहरात पायी. बाहेर जायला कदंब स्थानकावरून मडगाव, वास्को, म्हापशाच्या ‘शटल’ बसेस; तिकीट खिडकीवर घेऊन रांगेत चढायचं, मध्ये थांबत नाहीत. एकट्याला घाई असेल तर ‘पायलट’, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवा. टॅक्सी महाग आहे, हे खरं आहे, आणि वाद घालून स्वस्त होत नाही. रेल्वेला करमळी सर्वांत जवळ, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत.

दुपारी दुकानं बंद का असतात?

जेवण आणि झोप. एक ते साडेतीन-चारपर्यंत बऱ्याच दुकानांचे दरवाजे ओढलेले असतात. तक्रार करून उपयोग नाही, तुम्हीही झोपा. संध्याकाळी आठपर्यंत सगळं मिळतं.

खायचं काय?

सकाळी भाजीपाव. पातळ भाजी, सुकी भाजी, टोमॅटो, मिक्स, सोबत बन किंवा मिरची. जुनी, उडपी नसलेली, गोव्याची म्हणावी अशी छोटी हॉटेलं चर्चच्या मागच्या गल्ल्यांत आहेत. भोसले आणि टाटो ही नावं कोणीही सांगेल. शेजारचा माणूस तुमच्या टेबलावर येऊन बसेल, ती पद्धत आहे.

पावात पोय, उंडो, कात्रे पाव, काकणं असे प्रकार. पोय गरम असताना खायची.

मासळी बाजारात सकाळी आठपूर्वी जा. बांगडे, तारले, इसवण (सुरमई), तिसऱ्या, हंगामात शिनाणे (मोठे शिंपले). १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, तेव्हा ताजी इसवण म्हणून कोणी काही देत असेल तर ती बर्फातली समजा. त्या दिवसांसाठी मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची चाल आहे: सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), सोलं, मिरच्या, कांद्याच्या माळा. शाकाहारींनी काळजी करू नये. सोमवारी आणि श्रावणात अर्धी पणजी तुमच्याच पंगतीला असते, आणि खतखतें (मिसळीच्या भाज्यांची आमटी) चांगलं जमलं असेल तर मासळी आठवत नाही.

सणासुदीला यावं का?

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, येऊ नका, म्हणजे पर्यटक म्हणून येऊ नका. दुकानं बंद, माणसं मूळ गावी. कोणी घरी बोलावलं तर मात्र धावत जा. माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला) बांधलेली रानफळं बघण्यासारखी असतात. दिवाळीच्या आदल्या रात्री कोपऱ्याकोपऱ्यावर नरकासुर उभे राहतात आणि पहाटे जाळले जातात. झोपेची आशा सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकी, रस्ते दुपारपासून बंद. ८ डिसेंबरला चर्चचं फेस्त (सण) आणि त्याची जत्रा, हिवाळ्यात मळ्यातल्या मारुतीची जत्रा. दोन्हीकडे खाजं (गुळात घोळवलेली मिठाई) घ्या. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून.

नदीतल्या कॅसिनोंचं काय?

२१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. बाकी माझं मत विचाराल तर त्यांच्या दिव्यांमुळे रात्री नदी दिसत नाही. धक्क्यापाशी दलाल हटकतील, ‘नको’ म्हणून चालत राहा.

दवाखाना?

मोठं सरकारी इस्पितळ बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेज. त्याची मूळ वैद्यकीय शाळा १८४२ मध्ये पणजीतच सुरू झाली. ती जुनी इमारत नदीकाठी अजून उभी आहे, आणि इफ्फीच्या वेळी तिथे गर्दी असते.

नदीकाठी गाडी कुठे लावावी?

बांदोडकर मार्गावर जागा मिळेल या भरवशावर येऊ नका. पाटोच्या बाजूला वाहनतळात ठेवा आणि औरेमच्या खाडीवरचा पादचारी पूल चालत ओलांडा. थेट फोंतेन्हासच्या तोंडाशी निघता.